तिरकी फासळी

ज्यांनी मला आसरा दिला ते मास्तर, आणि ज्यांनी माझ्या पानात न विचारता वाढलं त्या मास्तरांच्या विधवा बहीण आक्का. या दोघांनी गिरगावातल्या आपल्या घरात मला ठेवून घेतलं नसतं तर मी मुंबईत टिकलोच नसतो. मालवणकडे आमच्या वाडीत परत गेलो असतो आणि आंब्याच्या पेट्या ठोकत बसलो असतो. आज जबलपूरला एका छापखान्यात फोरमन आहे, हाताखाली माणसं आहेत, तरी सकाळी कुलूप उघडताना आधी मागे वळून बघतो. वाटतं, आज कुणीतरी येऊन म्हणेल, तुम्ही इथे कसे? चला, निघा. शाळा पाचवीत सुटलेल्या माणसाला ही भीती जन्मभर पुरते. ती फारच वाढली की मी मनातल्या मनात मास्तरांचा आवाज ऐकतो : "काय रे, आतून कसं काय?"

हा त्यांचा नमस्कार होता. कसे आहात, बरे आहात ना, असं ते कुणालाच विचारत नसत. दूधवाल्याला, समोरच्या डॉक्टरला, मर्तिकाला जमलेल्या माणसांनासुद्धा, "आतून कसं काय?" लोक गोंधळत. गल्लीतली पोरं त्यांना पाठीमागे 'पोकळमास्तर' म्हणत. मास्तरांना ते माहीत होतं आणि त्यांना ते नाव आवडायचं.

तसे ते शाळामास्तर कधीच नव्हते. जुन्या मुंबईकर घराण्यातले. पिढ्यान्‌पिढ्या कुणी कचेरीत, कुणी कोर्टात. हे स्वतः गोदीत कारकून होते. ती नोकरी सोडून त्यांनी चाळीच्या तळमजल्यावर, राहत्या खोलीच्या पुढच्या भागात, वाद्यं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. सतारीची खुंटी, हार्मोनियमचा भाता, फिडलची घोडी. काम करतानाही अंगात काळा कोट आणि डोक्यावर टोपी. "वाद्य म्हणजे पाहुणा," म्हणायचे. "उघड्या अंगाने कसं भेटायचं?"

टकटक करायची त्यांना खोड होती. दिसेल त्या वस्तूवर बोटाच्या पेराने टकटक करायची आणि मान तिरकी करून ऐकायचं. नारळ, कलिंगड तर सगळेच ठोकून घेतात. मास्तर दरवाजे ठोकायचे, डबे ठोकायचे, पाटाखालची फरशी ठोकायचे. एका नात्यातल्या लग्नात नवरीच्या ट्रंकेवर टकटक करून भर मांडवात म्हणाले, "आत फारसं काही नाही." त्या घरातून पुन्हा कधी आमंत्रण आलं नाही. आक्का मला हे सांगताना हसायच्या आणि मग घाईने विषय बदलायच्या, कारण ते घर त्यांच्याच सासरचं होतं.

दुसरी खोड पापडाची. सरस लावून लाकूड चिकटवायचं असेल त्या सकाळी ते आक्कांकडून एक कच्चा पापड मागून घेत आणि खिडकीत ठेवत. तासाभराने मोडून बघायचे. कट्‌कन मोडला तर हवा कोरडी, काम करायचं. वाकला तर त्या दिवशी सरसाच्या भांड्याला हात लावायचा नाही, कारण दमट हवेत बसवलेलं लाकूड पुढे कोरडं पडलं की तडकतं. आक्का म्हणायच्या, "दुनियेचे भाऊ पंचांग बघतात, आमचा पापड बघतो."

हे सगळं चालायचं ते गिटारीसाठी. त्यांची पोटापुरती कामं वेगळी आणि गिटार वेगळी.

गोदीत असताना बोटीवरच्या एका स्पॅनिश खलाशाला त्यांनी खोक्यावर बसून गिटार वाजवताना ऐकलं होतं. तिथले लोक नाचाबरोबर वाजवतात तसलं वाजवणं. तारा छेडता छेडता बोटांनी गिटारीच्या छातीवर ठोकेही द्यायचे. मास्तर म्हणायचे, "अरे, तो टकटक करत होता! आणि ती उत्तर देत होती!" त्या प्रकाराला फ्लॅमेंको म्हणतात. आक्का त्याला फलमिंको म्हणायच्या आणि सवत आल्यासारख्या म्हणायच्या.

पुढे तीच गिटार त्यांच्या दुकानात आली. धोबीतलावच्या एका कुडात, म्हणजे गोवेकरांच्या वस्तीच्या खोलीत, फ्रान्सिस नावाचा माणूस राहायचा. हॉटेलातल्या बँडमध्ये वाजवायचा. त्याने ती खलाशाकडून घेतली होती. तिला सतारीसारख्या लाकडी खुंट्या होत्या, त्यातली एक ढिली झाली म्हणून कुणीतरी त्याला मास्तरांकडे पाठवलं. मास्तरांनी गिटार हातात घेतली, टकटक केली, आणि म्हणाले, "ही मी उघडणार."

"नाय मास्टर," फ्रान्सिसने ती काढूनच घेतली. "बघायचा तेवढा बघ. खोलायचा नाय. खोललास तर मी तुला खोलणार."

म्हणून मास्तरांनी दातांच्या डॉक्टरकडून दांडीचा छोटा गोल आरसा मागून आणला. गिटारीच्या भोकातून आरसा आत घालायचा, शेजारून बारका दिवा सोडायचा, आणि आतून तबली कशी आहे ते आरशात बघायचं. तबली म्हणजे तारांखालची पुढची पातळ फळी. तिच्या पाठीला आतून काड्या चिकटवलेल्या असतात. मास्तर त्यांना फासळ्या म्हणत. खलाशाच्या गिटारीत सात फासळ्या हातपंख्यासारख्या पसरलेल्या होत्या आणि त्यांच्या वर, भोकाच्या खालच्या अंगाला, एक आडवी पट्टी होती. ही पट्टी सरळ नव्हती. तिरकी होती, एका बाजूला खाली उतरत गेलेली.

"त्या तिरक्या फासळीतच सगळं आहे," मास्तर सांगायचे. "तारा सारख्या ओढत असतात. फासळ्या नसतील तर तबली खचेल. फार झाल्या तर ती जपून जपून बोलेल, जसा तू बोलतोस."

मी खरंच तसा बोलायचो. मास्तरांच्या दुकानासमोरच्या छोट्या छापखान्यात मी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला होतो आणि रात्री तिथेच यंत्रामागे झोपायचो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. आमच्याकडे सभांची पत्रकं छापायला यायची, आणि एका सकाळी पोलीस आले. मालकांना घेऊन गेले, दाराला सील ठोकलं. मी फुटपाथवर उभा. पत्र्याची पेटी पायाशी, आणि हातात लोखंडी स्टिक, म्हणजे खिळे ओळीत लावायची पट्टी. काम करता करता बाहेर काढलं तशी ती हातातच राहिली होती. लालबागला मामांची खोली होती, पण तिथे आधीच माणसं पाळीपाळीने झोपत होती. आई गावाहून निघताना म्हणाली होती, "जमला नाय तर ये, लाजा नको." तेच आठवत होतं आणि तेच नको होतं.

मास्तर पायरीवर उभे. "काय रे, आतून कसं काय?"

रोज मी "बरं आहे" म्हणायचो. त्या दिवशी मी हातातली स्टिक दाखवली. मास्तर रस्ता ओलांडून आले, माझ्यामागे उभे राहिले, पाठीवर टकटक केलं आणि ऐकलं.

"रिकामं आहे," म्हणाले. "चल, जेवायला चल."

असा मी त्या घरात गेलो. आक्कांनी माझी जात, गाव, काहीही विचारलं नाही, एवढंच विचारलं, "माशाचे काटे काढून खातोस की चावून?"

त्यांच्याकडे मी राहायला गेलो तेव्हा भिंतीवर खाकी कागदावर काढलेला त्या फासळ्यांचा नकाशा टाचलेला होता, आणि तो बघून मास्तरांनी तोवर आठ-एक गिटारी बनवल्या होत्या. तबलीला जुन्या मोडक्या पियानोचं लाकूड. कारागिरी सुंदर, साफ. पण एकही खलाशाच्या गिटारीसारखी बोलली नव्हती. बारीक तारा बसक्या, जाड तारा आखडलेल्या. मास्तरांनी आधी लाकडाला दोष दिला, मग सरसाला, मग समुद्राच्या वाऱ्याला, आणि शेवटी आक्कांच्या फोडणीच्या धुराला. आक्का म्हणाल्या, "फोडणी बंद करते. मग आतून कसं वाटतं ते सांग."

त्याच सुमारास फ्रान्सिस सांगून गेला की त्याला बोटीवरच्या बँडमध्ये काम मिळालंय. महिनाभरात जाणार, गिटार घेऊन. परत यायचा भरवसा नाही.

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. मला म्हणाले, "ती गेली की मी कशाशी ताडून बघू? तिच्या शेजारी बसून माझी एकदा तिच्यासारखी बोलली पाहिजे. एकदाच. मग खुशाल खुंट्या ठोकत म्हातारा होईन."

मला लाकडातलं काही कळत नव्हतं. मी केर काढायचो, दिवा धरायचो, आणि हे लोक आपल्याला कधी जा म्हणतील याचा अंदाज घेत राहायचो.

मग ती दुपार आली. बाहेर संचारबंदी, गल्ली ओस. मास्तर बाकावर बसून नव्या तबलीला रंधा मारत होते. माझी स्टिक तिथेच कोपऱ्यात पडलेली असायची. त्यांनी सहज उचलली. तिच्यात एकच शब्द लावलेला होता, पोलीस आले तेव्हा अर्धवट राहिलेल्या ओळीतला.

"हे काय आहे? मोडी?"

"नाही मास्तर, मराठीच. खिळ्यांवर अक्षर उलटं असतं. कागदावर छापलं की सरळ होतं."

"तुला वाचता येतं?"

"सवयीने."

"मला नाही येत," म्हणाले, आणि शेजारचा दातांच्या डॉक्टरचा आरसा उचलून त्यांनी तो शब्दासमोर धरला. वाचलं : "मुंबईसह." मोठ्याने हसले. "वा! मुंबईसह! आरशात बघ कसं सरळ—"

आणि हसणं तिथेच थांबलं.

त्यांनी आरसा बाजूला केला. शब्द बघितला. पुन्हा आरसा धरला. मग मान वर करून भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. मग समोरची तबली उचलून बाकावर पालथी घातली, उलटी केली, परत पालथी घातली. टोपी काढून बाकावर ठेवली. ती त्यांनी काढलेली मी कधी बघितली नव्हती.

"आक्का," त्यांनी हाक मारली. "आक्का, मी सगळ्यांना फासळ्या उलट्या लावल्या गं."

आतून आक्का म्हणाल्या, "बरं. मग चहा टाकू की नको?"

मला त्यांनीच समजावलं. आरशात जे दिसत होतं ते त्यांनी जसंच्या तसं कागदावर उतरवलं होतं. पण फासळ्या चिकटवताना तबली पालथी घालावी लागते. पालथी घातली की डावी बाजू उजवी होते. नकाशा मात्र तोच. त्यामुळे जी तिरकी फासळी बारीक तारांच्या बाजूला उतरायची, ती प्रत्येक वेळी जाड तारांच्या बाजूला उतरली होती. पंख्याच्या काड्यांचं काही बिघडलं नाही, त्या दोन्हीकडून सारख्याच. बिघडलं ते त्या एका फासळीचं.

बोट सुटायला आठवडा राहिला होता. मला वाटलं, आता मास्तर झपाट्याने कामाला लागतील. दुसऱ्या दिवशी संचारबंदी दिवसापुरती उठली, तेव्हा त्यांनी कोट घातला आणि म्हणाले, "चल, वरळीला."

"वरळीला कशाला?" आक्का बाहेर आल्या.

"कोळीवाड्यात हळदीला वाजवतो त्याला मी उलटी गिटार दिली आहे, तेवढी एकच बाहेर गेली. सांगायला नको?"

"अरे, तिकडे बोट निघाली आणि हा क्षमा मागायला निघाला!" आक्कांनी माझ्याकडे बघितलं. "तू तरी सांग रे."

मी त्यांच्याबरोबर चालत निघालो. ट्रामी बंद होत्या. कोळीवाड्यात तो माणूस अंगणात जाळं शिवत बसला होता. हळदीला, लग्नाला वाजवायचा. मास्तरांनी उभ्या उभ्या सांगितलं, चूक माझी आहे, गिटार द्या, उघडून नीट करून आणतो.

तो घाबरलाच. "नाय रं बाबा! हिला हात लावाचा नाय. हिचा घसा बसलेला हाय म्हनूनच आमचे हलदीला गोड लागतंय. साफ आवाजाची गिटार काय करू, चर्चमंदी वाजवू?"

त्याच्या बायकोने मास्तरांच्या हातात सुक्या बोंबलांची जुडी ठेवली आणि म्हणाली, "मास्तर, उन्हाचे चालत आलाव. पानी पिऊन जावा."

परत येताना हाजी अलीच्या वळणावर मास्तर थांबले. बोंबील कोटाच्या खिशात. समुद्राकडे बघत म्हणाले, "त्याला आवडते. बरं झालं." मग म्हणाले, "पण मी तिला तशी करायला गेलो नव्हतो ना रे."

त्यांचा तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. माणसाला जे हवं असतं ते सोडून दुसरंच काहीतरी चांगलं हातून झालं, तर लोक त्याला नशीब म्हणतात. मास्तरांना ते नशीब नको होतं.

दुसऱ्या दिवशी पापड वाकला. तिसऱ्या दिवशीही वाकला. आभाळ आलं नव्हतं, पण हवेत नुसता ओलावा. मास्तर पापड हातात धरून खिडकीशी बसले. फासळ्या तासून तयार, तबली तयार. मी म्हटलं, "मास्तर, एकदा लावून तर बघू." त्यांनी मान हलवली. "बोटीवर खारं पाणी, मग परदेशातली थंडी. तडकेल. तिच्या शेजारी उभी राहायची तर नीट उभी राहायला हवी."

तेवढ्यात आक्का आतून आल्या. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हातांत फडकं धरून पेटलेली शेगडी. त्यांनी ती दुकानाच्या मधोमध ठेवली, दार लावलं, खिडकी लावली, फटीत जुनं लुगडं कोंबलं. आणखी कोळसे आणून घातले. संचारबंदीत कोळसा मिळत नव्हता. तो त्यांचा आठवड्याचा कोळसा होता.

"आक्का, स्वयंपाक?" मास्तर म्हणाले.

"चणे-कुरमुरे खा. मोड तुझा पापड."

दुपारपर्यंत आम्ही तिघे घामाने निथळत बसलो. मग पापड कट्‌कन मोडला. मास्तरांनी सरस लावला, एकेक फासळी जागेवर ठेवली, आणि बांबूच्या कांबी वाकवून एक टोक फासळीवर, दुसरं वरच्या फळीला, असा दाब दिला. तिरकी फासळी शेवटी. ती ठेवण्याआधी ते माझ्याकडे वळले. "तू वाच. उलटं तुला सरळ दिसतं. जाड तारा कुठे?"

मी बोट दाखवलं. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच दाखवलं, आणि त्यांनी ती चिकटवली. मुंबईत पहिल्यांदाच मला वाटलं की मी इथे उगाच उभा नाही.

फ्रान्सिस आला तो बोट सुटायच्या आदल्या दिवशी, संचारबंदी सैल झाल्यावर. नव्या गिटारीला तारा लागल्या होत्या. मास्तर म्हणाले, "दोन्ही वाजव. मी बघणार नाही." आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आक्का आतल्या दारात. फ्रान्सिसने एक घेतली. तारांवरून बोटं झर्रकन उलगडली, मधेच तबलीवर ठोका, पुन्हा तारा. कोरडा, खणखणीत, उन्हात वाळलेल्या लाकडासारखा आवाज. मग दुसरी घेतली. तोच तुकडा.

"कोणती माझी?" फ्रान्सिसने विचारलं.

"दुसरी तुझी," मास्तर भिंतीकडे बघूनच म्हणाले. आवाज पडलेला. "ते लगेच कळतं."

"नाय मास्टर," फ्रान्सिस म्हणाला. "दुसरी तुझी."

मास्तर वळले नाहीत. पाठ तशीच. आक्का दारातून आत गेल्या आणि भांडी घासायला बसल्या, घासायला भांडी नसताना.

फ्रान्सिस खूश होता. म्हणाला, ही मीच नेतो, माझी तुला ठेव, आता पाहिजे तर खोल. मग त्याने नव्या गिटारीच्या भोकातून आत डोकावून बघितलं. "मास्टर, चिठ्ठी खंय?" स्पॅनिश कारागीर गिटारीच्या आत, भोकातून दिसेल अशी, आपल्या नावाची छापील चिठ्ठी चिकटवतात. त्याच्या जुन्या गिटारीत तशी पिवळी पडलेली चिठ्ठी होती. "उद्या कोण विचारेल ही कुणी केली, तर मी काय सांगू? पोकळमास्टर?"

आक्का म्हणाल्या, "लिहून दे की रे हाताने."

"हाताने नको," मास्तर म्हणाले. "माझं अक्षर गोदीतल्या कारकुनाचं. छापील पाहिजे."

मी धावत बाहेर पडलो. आमच्या छापखान्याला सील. दादरला हिंदमाताजवळ ओळखीचा छापखाना होता, तिथे पोचलो तर तोही बंद. परत येईतो संचारबंदी पुन्हा लागू झाली होती आणि फ्रान्सिस निघून गेला होता. गिटार बिननावाची गेली.

मास्तरांनी मला एका शब्दाने टोकलं नाही. खलाशाची गिटार त्यांनी भिंतीला टांगली आणि कधीही उघडली नाही. पुढे मला हिंदमाताजवळच्या त्याच छापखान्यात काम मिळालं, तरी मी राहिलो मास्तरांकडेच. महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी गल्लीत लोक गुलाल उधळत होते, मास्तर पायरीवर येऊन मला एवढंच म्हणाले, "मुंबईसह?" मी म्हटलं, "मुंबईसह." मग लग्न झालं, नोकरी इकडे जबलपूरला घेऊन आली. मुंबईला जायचो तेव्हा मास्तर विचारायचे, बोटीचं काही कळलं का. ते गेले तेव्हा मी इथेच होतो. आक्कांनी मागाहून सांगितलं की शेवटी शेवटी ते पलंगाच्या फळीवर टकटक करून ऐकत राहायचे.

फ्रान्सिस आता मोंबासाच्या एका हॉटेलात वाजवतो असं धोबीतलावच्या कुडातल्या माणसांकडून परवा कळलं. गिटार तीच आहे म्हणतात. तेव्हापासून मला झोप नाही. मी इथे रोज हजारो अक्षरं छापतो, पण मास्तरांचं नाव मला इथे जुळवता येत नाही. त्यांच्या आडनावात ळ आहे आणि आमच्या इथल्या हिंदी खिळ्यांच्या पेटीत ळ नसतो. दिवाळीनंतर रजा मिळाली की मुंबईला जाणार आहे. जुन्या ओळखीने दोन-चार ळ खिशात घालून आणीन, माझ्या हाताने ती चिठ्ठी जुळवीन, चांगल्या कागदावर छापीन आणि मोंबासाला पोचती करीन. केव्हा ते सांगवत नाही, पण करीन. मास्तरांचं नाव मी या लिहिण्यात कुठेही घातलेलं नाही. ते पहिल्यांदा तिथेच छापून लागलं पाहिजे, त्या तिरक्या फासळीखाली.